विमान उडत नसलेल्या विमानतळाशेजारी कारखाना बांधताना: सोलापुरातील एक प्रकरण

हे प्रकरण होटगी रस्त्याच्या बाजूच्या एका गणवेश कारखान्याचे आहे. मालकांच्या परवानगीने लिहितो आहे. नाव, गट क्रमांक आणि जागेची नेमकी खूण वगळली आहे. अंतर आणि उंचीचे आकडे गोल केले आहेत, पण गणित आणि निर्णयांचा क्रम जसा होता तसाच ठेवला आहे. उंचीचा ना-हरकत दाखला मिळवून देण्यापुरताच माझा यात संबंध होता. नकाशा दुसऱ्यांनी काढला होता आणि जागा मालकांनी त्याआधीच घेतली होती.

पार्श्वभूमी

सोलापूरचा विमानतळ शहराला लागूनच आहे. सुमारे दोन किलोमीटरची धावपट्टी कित्येक वर्षे मंत्र्यांची विमाने आणि हेलिकॉप्टर सोडली तर रिकामीच होती. मधे किंगफिशरची मुंबई सेवा काही काळ चालली आणि बंद पडली. 2017 मध्ये उडान योजनेच्या पहिल्या फेरीत सोलापूरचे नाव आले आणि लोकांनी पेढे वाटायचे तेवढे बाकी ठेवले, पण विमान काही आले नाही. कारण सगळ्या शहराला पाठ होते: साखर कारखान्याच्या वीज प्रकल्पाची सुमारे 90 मीटर उंच चिमणी.

त्या चिमणीवरून शहरात दोन तट पडले. एका बाजूला विमानसेवा मागणारे व्यापारी, उद्योजक आणि डॉक्टर, दुसऱ्या बाजूला ऊस घालणारे सभासद. भांडणाच्या गोंगाटात एक साधी गोष्ट मागे राहिली. धूर आणि धूळ जितकी जास्त, तितकी चिमणी उंच हवी, असे प्रदूषण नियंत्रणाचे नियम सांगतात. विमानतळाजवळ काहीही जितके ठेंगणे तितके बरे, असे विमान वाहतुकीचे नियम सांगतात. दोन्ही नियम आपापल्या जागी बरोबर आहेत. ते दोन वेगवेगळ्या कार्यालयांत, दोन वेगवेगळ्या फायलींत राहतात, एवढीच अडचण. माझ्या मते धावपट्टी वापरात असती तर हे दोन कागद बांधकामाआधीच एकमेकांना भेटले असते. विमान येत नाही म्हणून आकाशाकडे कोणी बघत नाही, आणि कोणी बघत नाही म्हणून जे उभे राहते त्यामुळे पुढे विमान येत नाही.

आमच्या मालकांनी जागा घेतली ती याच काळात. घराणे मूळचे यंत्रमागाचे, चादरी-टॉवेलचे. चादरीचा धंदा मंदावल्यावर थोरल्या मुलाच्या आग्रहाने ते शाळेच्या गणवेशाकडे वळले. सोलापुरात या धंद्याने गेल्या काही वर्षांत चांगले बाळसे धरले आहे. जुना कारखाना पूर्वभागातल्या गल्लीत, पुढे खाली शिलाई, मागे घर, माळ्यावर कापडाचे तागे. टेंपो आत येत नव्हता. म्हणून नवी जागा.

जागा घेताना सातबारा पाहिला, एनए पाहिले, विकास आराखड्यातला झोन पाहिला, रस्त्याची रुंदी पाहिली, बोअरला पाणी किती लागते तेही विचारले. वर किती उंच जाता येईल, हे विचारले नाही. मालकांचे म्हणणे सरळ होते: "इथं कुठं विमान येलालंय? मंत्री आले तर येतंय, तेबी हेलिकॉप्टर."

अडचण कुठे आली

आर्किटेक्टने तळमजला अधिक तीन मजले असा नकाशा काढला. खाली कापड आणि कटिंग, पहिल्या-दुसऱ्यावर शिलाई, तिसऱ्यावर इस्त्री, घडी आणि पॅकिंग. जोते धरून तिसऱ्या मजल्याचा स्लॅब साधारण 16 मीटरवर येत होता. त्यावर कठडा, जिन्याची खोली, लिफ्टची मशीन रूम, तिच्या डोक्यावर पाण्याची टाकी. टाकीचा माथा साडेएकवीस मीटरवर आणि वीजरोधकाचे टोक 23 वर.

बांधकाम परवानगीच्या वेळी विमानतळ प्राधिकरणाचा उंचीचा दाखला मागितला गेला आणि फाइल माझ्याकडे आली.

आता गणित. मोठ्या विमानतळाच्या संदर्भबिंदूपासून (विमानतळाचे ठिकाण दाखवणारा ठरलेला बिंदू) साधारण चार किलोमीटरपर्यंत एक आडवा अदृश्य थर धरला जातो, विमानतळाच्या पातळीपासून 45 मीटर वर. नव्वद मीटरची चिमणी याच थरातून आरपार गेली होती. पाच मजली इमारतीला त्या थराची अडचण सहसा येत नाही. पण आमचा भूखंड धावपट्टीच्या टोकासमोरच्या पट्ट्यात होता, आणि तिथला थर आडवा नसतो, तिरका असतो. उपकरणांच्या मदतीने उतरण्याजोग्या मोठ्या धावपट्टीसाठी तो दर 50 मीटर अंतराला 1 मीटर या चढाने वर जातो. हा चढ जिथून सुरू होतो तिथून भूखंड सुमारे 1,000 मीटरवर, म्हणजे धावपट्टीच्या टोकापेक्षा 20 मीटर उंचीपर्यंतच जाता येणार.

वीस मीटर म्हटल्यावर मुलाचा चेहरा खुलला. "मग टाकी जरा खाली घेतली की झालं!"

झाले नव्हते. हे 20 मीटर धावपट्टीच्या टोकापासून मोजायचे, आपल्या अंगणापासून नाही. टोकाची उंची समुद्रसपाटीपासून 480 मीटर धरली तर इमारतीच्या माथ्याची मर्यादा 500 मीटर. भूखंडाची जमीन 485 मीटरवर. हातात उरले 15. नकाशातल्या वीजरोधकाचे टोक 23 वर. आठ मीटर जास्त, आणि तिसऱ्या मजल्याचा स्लॅबच मुळी मर्यादेच्या बाहेर.

इथे मधेच एक घोळ झाला होता, तो सांगायलाच हवा, कारण अशा फायलींत तो वारंवार दिसतो. अर्जासोबत जागेचे अक्षांश-रेखांश आणि जमिनीची समुद्रसपाटीपासूनची उंची प्रमाणित करून द्यावी लागते. मालकांच्या ओळखीतल्या एका मोजणीवाल्याने जीपीएस यंत्रावरचा आकडा जसाच्या तसा उतरवून दिला होता. तो खऱ्या उंचीपेक्षा कित्येक मीटरने कमी होता. उपग्रह उंची मोजतात ती पृथ्वीच्या गणिती आकारापासून, समुद्रसपाटीपासून नाही, आणि आपल्या भागात या दोन्हींत पन्नास मीटरांहून जास्त फरक पडतो. यंत्रात दुरुस्ती लावली नसेल तर जमीन कागदावर खड्ड्यात जाते. जमीन खड्ड्यात गेली की इमारतीला भरपूर उंची मिळते, आणि सगळे खूश होतात.

आकडा खोटा आहे हे ओळखायला मोठे यंत्र लागले नाही. रेल्वे स्टेशनच्या पिवळ्या पाटीवर समुद्रसपाटीपासूनची उंची लिहिलेली असते. सोलापूर आणि होटगीच्या पाट्या पाहिल्या आणि मोजणीवाल्याचा आकडा दोन्हींच्या जवळपासही नव्हता. मग प्रमाणित बेंचमार्कवरून (समुद्रसपाटीपासूनची उंची आधीच ठरलेली खूण) लेव्हल आणून पुन्हा मोजणी केली. जुन्या आकड्यावर दाखला कदाचित मिळालाही असता. पण अर्जदाराने दिलेली माहिती चुकीची निघाली तर दाखला रद्द, अशी अट त्याच दाखल्यात असते.

समोर असलेले पर्याय

बैठक जुन्या कारखान्यात झाली, तयार हाफ पँटींच्या गठ्ठ्यांवर बसून. मालक, त्यांचे मेव्हणे, दोन मुले, आर्किटेक्ट, बँकेचे काम पाहणारे सीए आणि मी. नोव्हेंबर उलटला होता. गणवेशाची खरी घाई मार्च ते जून, आणि त्या हंगामात नवी जागा हाती हवी होती.

पहिला पर्याय आर्किटेक्टने नाही, मालकांच्या मेव्हण्यांनी सुचवला. आधी बांधू, मग दंड भरून नियमित करून घेऊ. "नव्वद मीटरची चिमणी उभी आहे, आपल्या टाकीला कोण विचारतंय?" त्या वेळी चिमणी खरोखरच उभी होती आणि युक्तिवाद ऐकायला बिनतोड वाटत होता. पण महापालिका नियमित करते ते चटईक्षेत्र, सामासिक अंतर (इमारतीभोवती सोडायची मोकळी जागा), वापर. विमानाच्या वाटेतली उंची नियमित करण्याचा अधिकार महापालिकेला नाहीच. तिथे दंड भरून विषय मिटत नाही, जास्तीचा भाग उतरवावा लागतो. शिवाय सीएंनी शांतपणे सांगितले की दाखल्याशिवाय बँक पहिला हप्तासुद्धा सोडणार नाही. मेव्हणे नंतर फारसे बोलले नाहीत.

दुसरा पर्याय, उंची वाढवून मागणे. फेरविचार आणि अपिलाची वाट आहे, सखोल अभ्यास करून काही ठिकाणी थोडी जास्त उंची मिळतेही. पण धावपट्टीच्या थेट समोरच्या पट्ट्यात ती आशा धरण्यात मला अर्थ दिसत नव्हता. विमान सगळ्यात खाली असते ते तिथेच. मिळालीच तरी हंगाम हातचा गेला असता.

तिसरा, तळघर. जमिनीच्या वर जाता येत नाही तर खाली जाऊ. चाचणी खड्ड्यात वर थोडी माती, मग मुरूम आणि त्याखाली काळा पाषाण लागला. ब्रेकर लावून खणायचा खर्च एक, आणि तळघरात कापड ठेवायचे तर ओल आली की माल गेला, ही धास्ती दुसरी. मालकांचा याला पहिल्यापासून नकार होता. त्यांच्या जुन्या माळ्यावर एका पावसाळ्यात पांढऱ्या शर्टिंगला बुरशी आली होती, ती ते विसरले नव्हते.

चौथा, जागा विकून चिंचोळीच्या एमआयडीसीत जाणे. उंचीचा प्रश्न तिथे उरत नव्हता. पण शिलाईवर बसणाऱ्या बहुतेक बायका नीलमनगर, विडी घरकुल या बाजूच्या. काही जणी आधी विड्या वळायच्या. दुपारी मुलाला शाळेतून आणून पुन्हा मशीनवर येणाऱ्या बाईला पुणे रस्त्यावर चिंचोळीला पाठवणे म्हणजे तिला कामावरून काढणेच. धाकट्या मुलाने बसभाड्याचा हिशेब मांडायला घेतला तेव्हा मालक म्हणाले, "भाड्याचं नाही रे. त्या येणारच नाहीत." हा पर्याय तिथेच संपला, आणि योग्य कारणाने संपला असे मला वाटते.

पाचवा म्हणजे एक मजला सोडून देणे. कुणालाच आवडला नाही. तोच उरला.

काय केले

एक मजला काढला म्हणजे काम संपले असे नाही. दाखल्याच्या अटींत स्पष्ट असते की जिन्याची खोली, पाण्याची टाकी, अँटेना, वीजरोधक, काहीही मंजूर माथ्याच्या वर जाता कामा नये. बांधकामासाठी लावलेल्या क्रेनलाही तीच मर्यादा. त्यामुळे गच्चीवरची प्रत्येक वस्तू मीटर-सेंटिमीटरमध्ये मांडावी लागली.

दुसऱ्या मजल्याचा स्लॅब 11.8 मीटरवर आणला. लिफ्ट मशीन रूम नसलेली घेतली. जिन्याची खोली 2.4 मीटरची. त्यावर अर्ध्या मीटरचा वीजरोधक. टोक 14.7 वर. शिल्लक 30 सेंटिमीटर.

खरा पेच पाण्याचा होता. सोलापुरात तेव्हा नळाला पाणी दिवसाआड आले तरी भाग्य, बहुतेक वेळा चार-पाच दिवसांनी यायचे. म्हणून इथे कोणीही बांधताना टाकी मोठी आणि उंच बांधतो. इथे उंचच बांधता येत नव्हती. शेवटी साठा जमिनीखालच्या हौदात नेला आणि वर दाबाच्या पंपाने पाणी खेळवले. आगीसाठी गच्चीवर पाणी हवेच, म्हणून बसक्या आकाराची टाकी थेट स्लॅबवर ठेवली आणि जोडीला बूस्टर पंप दिला. वीज गेली की बायकांच्या स्वच्छतागृहात पाणी येत नाही, ही तक्रार पहिल्याच महिन्यात आली. तेव्हा त्याच बसक्या टाकीतून, आगीचा साठा खाली राखून, वरच्या पातळीवरून एक वेगळी नळी काढून दिली. दाब कमी पडतो, पण पाणी येते.

इस्त्री विभागाने दुसरा धक्का दिला. वाफेच्या प्रेससाठी भुशाच्या कांड्यांवर चालणारा छोटा बॉयलर ठरला होता, ॲडव्हान्सही दिला होता. दाखल्याची एक अट अशी असते की विमानतळाच्या संदर्भबिंदूपासून आठ किलोमीटरच्या आत भट्टी तेलावर किंवा विजेवर चालणारीच हवी. कारण धूर आणि दृश्यता. ही अट बहुतेक अर्जदार वाचतच नाहीत, कारण सगळ्यांचे डोळे उंचीच्या आकड्यावर असतात. बॉयलर रद्द करून विजेवरचे वाफजनित्र घेतले. ॲडव्हान्समधले काही पैसे बुडाले आणि वीजबिल वाढले. समोर हंगामात बगॅस (उसाचा चोथा) जाळणारी धुराडी दिसत असताना ही अट मालकांना पटवणे अवघड गेले. मीही फार पटवले नाही. अट आहे, एवढेच सांगितले.

कमी झालेल्या मजल्याची सोय अक्कलकोट रस्त्याच्या एमआयडीसीत एक गाळा भाड्याने घेऊन केली. पॅकिंग तिकडे गेले. रोज दोन वेळा तीनचाकी टेंपो गठ्ठे घेऊन जातो.

परिणाम

पहिला हंगाम हुकलाच. जुन्या जागेतून निभावून नेला. इमारत पुढच्या वर्षी पूर्ण झाली, भोगवटा प्रमाणपत्र विनातक्रार मिळाले.

त्यानंतर 15 जून 2023 रोजी चिमणी नियंत्रित स्फोटाने पाडली गेली. पाडणे बरोबर की चूक, यावर सोलापुरात आजही चहाच्या टपरीवर दोन गट पडतात. ऊस उत्पादकांचे नुकसान खरे होते, ते नाकारणाऱ्यांशी माझे जमत नाही. 29 सप्टेंबर 2024 रोजी नूतनीकरण झालेल्या विमानतळाचे पंतप्रधानांच्या हस्ते दूरदृश्य प्रणालीद्वारे उद्घाटन झाले. वर्षाला सुमारे 4.1 लाख प्रवाशांची सोय होईल अशी टर्मिनलची क्षमता सांगण्यात आली. 9 जून 2025 पासून फ्लाय 91 ची गोवा सेवा आणि 15 ऑक्टोबर 2025 पासून स्टार एअरची मुंबई सेवा सुरू झाली.

कारखान्याच्या बाजूने हिशेब संमिश्र आहे. एका मजल्याचे क्षेत्र कायमचे गेले, गाळ्याचे भाडे आणि टेंपोचा खर्च दरमहा आहे. दुसरीकडे, विमाने सुरू झाल्यावर परिसरातल्या उंचीकडे पुन्हा लक्ष जाऊ लागले तेव्हा या इमारतीची फाइल दाखवायला काही अडचण नव्हती. जवळच्याच एका इमारतीच्या गच्चीवर मोबाइल टॉवर आहे. त्यांचे मालक आता दाखल्याबद्दल विचारायला येतात.

निर्णयाचे टप्पे आणि वेगळे काय करता आले असते

सगळ्यात स्वस्तात सुटला असता तो पहिला टप्पा: इसारपावतीच्या आधी. भूखंडाची लेव्हल आणि धावपट्टीच्या टोकापासूनचे अंतर, एवढ्या दोन आकड्यांवर पाठकोऱ्या कागदावर अंदाज निघतो. त्याच रस्त्याला थोडे बाजूला, समोरच्या पट्ट्याबाहेर सरकले असते तर चार मजले आरामात बसले असते. दलालाने ती दुसरी जागाही दाखवली होती. ती थोडी महाग म्हणून सोडली.

दुसरा टप्पा नकाशाचा. आपल्याकडे आधी नकाशा पूर्ण होतो, मग परवानग्या. विमानतळाजवळ क्रम उलटा हवा: आधी माथ्याची मर्यादा, मग गच्चीवरच्या वस्तू, मग मजले. आर्किटेक्टने हे नंतर त्यांच्या कार्यालयाच्या तपासणी-यादीत घातले.

तिसरा, मोजणीचा. कमी आकडा फायद्याचा दिसत असताना तो तपासायचा ठरवणे हा मला या प्रकरणातला सगळ्यात महत्त्वाचा निर्णय वाटतो, आणि तो मालकांनी घेतला. पुन्हा मोजणी म्हणजे पैसे घालून स्वतःची उंची कमी करून घेणे होते. त्यांनी एकच विचारले, "उद्या विमान सुरू झालं तर?" तेव्हा विमान सुरू होईल यावर शहरात फारसा कुणाचा विश्वास नव्हता.

चौथ्या टप्प्याबद्दल, म्हणजे तळघराबद्दल, माझे आणि आर्किटेक्टचे अजून एकमत नाही. त्यांच्या मते अर्धे तळघर, म्हणजे दीड-दोन मीटर खाली, चालले असते. जलरोधनाचा खर्च धरूनही पाच-सहा वर्षांच्या भाड्यात वसूल झाला असता. आकडे त्यांच्या बाजूने आहेत. पण सोलापुरात पाऊस एकदाच पडला तरी कसा कोसळतो हे पाहिलेल्या माणसाला कापड खाली ठेवायला सांगणे मला जमले नसते.

आणि एक अपेक्षा व्यवस्थेकडून. उंचीची मर्यादा ही भागानुसार, गल्लीनुसार सांगता येण्यासारखी गोष्ट आहे. बांधकाम परवानगीच्या खिडकीवर ती मराठीत, नकाशावर रंगवून लावली तर निम्मे अर्जदार जागा घेण्याआधीच सावध होतील. दाखला ऑनलाइन मिळतो ही सोय चांगलीच, पण तो मागायचा असतो हेच माहीत नसलेल्याला तिचा उपयोग नाही.

सध्याची स्थिती

दाखल्याची मुदत आठ वर्षांची होती. इमारत त्या मुदतीत पूर्ण झाल्याने तिचा प्रश्न नाही, पण गच्चीवर नवे काही करायचे तर पुन्हा तीच मोजदाद करावी लागते. तशी वेळ नुकतीच आली. धाकट्या मुलाला गच्चीवर सौर पॅनेल बसवायचे होते, तेही मंडपासारखे उंच, म्हणजे खाली बायकांना जेवायला सावली होईल. ठेकेदाराच्या आराखड्यात पॅनेलची मागची कड 15.2 मीटरवर जात होती, वीस सेंटिमीटर जास्त. खांब कमी केले आणि पॅनेलचा उतार सपाट केला. थोडी वीज कमी मिळेल. कड 14.7 वर आली, आणि त्या आकड्यावर नवा अर्ज दाखल केला आहे.